बोटीसाठी टॅबलेट घेताना: जीपीएस त्याच्या अंगात आहे का, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्याच्या आसपास चालवायची लहान बोट आहे आणि कॉकपिटमध्ये, म्हणजे बोट चालवतो त्या जागी, चार्ट (समुद्राचे नकाशे) बघायला टॅबलेट हवा आहे. वाय-फायवालं मॉडेल स्वस्त पडतं, सिमवालं महाग. फोन खिशात असतोच, मग त्याचा हॉटस्पॉट देऊन वाय-फायवाल्यावर भागवता येईल का? नाहीच भागलं, तर टॅबलेट घेताना नेमकं काय बघायचं?

भागणार नाही. हॉटस्पॉटमधून इंटरनेट मिळतं. आपण कुठे आहोत हे कळायला मात्र उपग्रहांचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर लागतो, आणि तो टॅबलेटच्या अंगात असला तर असतो, नसला तर नसतो. फोनची जागा हॉटस्पॉटवरून टॅबलेटला कळते असं काही जण सांगतात. ठरावीक जोड्यांमध्ये ती कधीमधी कळतेही. पण ज्या माहितीवर बोट उथळात चढणार की नाही हे ठरतं, ती कधीमधी मिळून उपयोग नाही.

फसगत होते ती अशी. वाय-फायवाला टॅबलेट घरात, रस्त्यावर, अगदी धक्क्यावरही जागा जवळपास बरोबर दाखवतो, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की यात जीपीएस आहे. खरं तर तो आसपासचे वाय-फाय राउटर ओळखतो आणि त्यांच्या आधीच नोंदलेल्या जागांवरून अंदाज बांधतो. किनारा मागे पडला की राउटर संपतात.

एका मित्राच्या बोटीवर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवा टॅबलेट सुकाणूशेजारी बसवला होता. बंदरात निळा ठिपका आमच्या जागेवर अगदी नेमका होता. लाटा अडवणारी भिंत ओलांडून आम्ही बाहेर पडलो, सहा नॉटने (तासाला सहा सागरी मैल) दहा मिनिटं चाललो, म्हणजे एक सागरी मैल पुढे आलो, आणि ठिपका अजून भिंतीच्या टोकाशीच उभा. ना आवाज झाला, ना इशारा आला, फक्त ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ जरा मोठं झालेलं. दिवस होता आणि पाणी दोघांच्याही ओळखीचं होतं, म्हणून निभावलं. ठिपका नाहीसा झाला असता तर चुकायची भीती कमी होती. तो जागेवर थिजला होता, आणि थिजलेला ठिपका बघणाऱ्याला खराच वाटतो.

तर पहिली अट ही: रिसीव्हर अंगचा हवा. आयपॅडच्या बाबतीत नियम सोपा आहे. फक्त वाय-फायवाल्या कुठल्याही आयपॅडमध्ये उपग्रहांचा रिसीव्हर नसतो. वाय-फाय आणि सेल्युलर दोन्ही असलेल्या मॉडेलमध्ये असतो, आणि तो चालायला सिमकार्ड लागत नाही, महिन्याचा प्लॅनही लागत नाही. सेल्युलर आयपॅड घ्यायचा आणि सिमची जागा रिकामी ठेवायची, हे अनेक बोटवाले करतात आणि ते बरोबरच आहे. वापरलेला घेत असाल तर पेटीवर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, सेटिंगमध्ये मॉडेल क्रमांक बघून तो सेल्युलरच आहे याची खात्री करा.

अँड्रॉइडमध्ये असा एकच नियम नाही. काही वाय-फायवाल्या टॅबलेटमध्येही रिसीव्हर असतो, काहींमध्ये नसतो, आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांतही फरक पडू शकतो. कंपनीच्या तपशिलात जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेईदोऊ अशी उपग्रहप्रणालींची नावं लिहिलेली हवीत. नुसतं 'लोकेशन' लिहिलं असेल तर ते धरू नका. हातात आल्यावर जीपीएसटेस्टसारखं एखादं ॲप टाका, विमान मोड चालू करा, वाय-फाय बंद करा आणि उघड्या आकाशाखाली उभे राहा. कोणते उपग्रह दिसतात आणि प्रत्येकाचा सिग्नल किती आहे, हे पट्ट्यांच्या रूपात समोर येतं. आयपॅडवर उपग्रहांची अशी यादी बघता येत नाही, म्हणून तिथे दुसरी परीक्षा घ्यावी लागते: विमान मोड, वाय-फाय बंद, आणि मोकळ्या मैदानात दोन-तीनशे पावलं चालायचं. ठिपका तुमच्याबरोबर चालला पाहिजे. ही परीक्षा टॅबलेट परत करायची मुदत संपायच्या आत घ्या.

तपशिलात 'ए-जीपीएस' असंही लिहिलेलं दिसेल आणि त्यावरून गोंधळ होतो. ए म्हणजे मदत घेणारं. उपग्रह आपला कक्षेचा तपशील सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला सुमारे ३० सेकंद लागतात आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटं. मोबाईल नेटवर्क असेल तर टॅबलेट हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात घेतो, म्हणून शहरात ठिपका लगेच उमटतो. नेटवर्क नसेल तर तो उपग्रहांकडूनच घेतो, जरा वेळ लागतो एवढंच. म्हणजे ए-जीपीएस लिहिलेलं असलं तरी रिसीव्हर खराच असतो. फक्त निघण्याआधी धक्क्यावर असतानाच टॅबलेट चालू करून जागा लागू द्यावी. बाहेर लाटांत गेल्यावर प्रथमच चालू केला आणि 'शोधत आहे' वाचत बसलात, तर चूक टॅबलेटची नाही.

काही नव्या मॉडेलांत दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारा रिसीव्हर असतो आणि त्याची जाहिरातही बरीच होते. त्याचा मोठा फायदा उंच इमारतींमध्ये, जिथे सिग्नल भिंतींवर आपटून येतो. उघड्या पाण्यावर त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे. बोट कशाची बनली आहे, याचा परिणाम त्याहून मोठा. फायबरग्लास आणि लाकडातून सिग्नल बऱ्यापैकी आत येतो, पोलाद आणि ॲल्युमिनियममधून येत नाही, कार्बन फायबरही अडवतं. धातूच्या केबिनमध्ये टॅबलेट ठेवायचा असेल तर अंगचा रिसीव्हर कितीही चांगला असो, त्याला खिडकी लागतेच.

आता अचूकतेबद्दल, कारण या बाबतीत गैरसमज जास्त आहेत. उघड्या आकाशाखाली अशा उपकरणाची जागा साधारण पाच मीटरच्या आत येते. लोक 'दोन मीटर की पाच मीटर' यावर वाद घालतात आणि चार्ट किती अचूक आहे हे विचारतच नाहीत. अधिकृत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये प्रत्येक भागाच्या सर्वेक्षणाला प्रत, म्हणजे दर्जा, दिलेली असते. सर्वोत्तम ए-१ प्रतीत जागेची चूक पाच मीटरच्या आसपास, खोलीच्या पाच टक्के धरून. बी प्रतीत ५० मीटर, सी प्रतीत ५०० मीटर, आणि डी त्याहूनही वाईट. तुमचा ठिपका पाच मीटर नेमका आहे आणि शेजारचा खडक छापील जागेपासून अर्धा किलोमीटर सरकलेला असू शकतो, असं पाणी जगात पुष्कळ आहे. ॲपमध्ये ही प्रत बघायची सोय असेल तर जायच्या भागाची प्रत आदल्या दिवशी बघून ठेवा. सोय नसेल तर चार्टवर खोलीचे आकडे विरळ, लांबलांब आहेत का ते बघा. विरळ आकडे म्हणजे तिथे मोजणी कमी झाली आहे, मोकळं पाणी आहे असं नव्हे.

दुसरी गोष्ट झूमची. बहुतेक ॲपमधले चार्ट व्हेक्टर असतात: दूरून बघितलं की पडद्यावर गर्दी नको म्हणून ते तपशील लपवतात. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॉल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम व्हेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कारगादोस काराजोस या प्रवाळखडकांवर रात्री चढली. बोटीवर उत्तम उपकरणं होती, माणसं व्यावसायिक होती, जीपीएस व्यवस्थित चालू होतं. ज्या झूमवर चार्ट पाहिला गेला त्यावर खडकांचा धोका नीट दिसत नव्हता. नऊही जण वाचले, पण बोट खडकावर अडकून पडली. म्हणून मार्ग आखून झाला की सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण आत झूम करून बोटाने हळूहळू सरकवत बघायचा. वीस मैलांच्या मार्गाला दहा मिनिटं लागतात. हे काम घरी, मोठ्या पडद्यावर, चहा घेत करावं; हलत्या कॉकपिटमध्ये होत नाही.

चार्ट आणि ॲपबद्दल एवढंच सांगतो. नॅव्हिऑनिक्स, सी-मॅप, ॲक्वा मॅप, टाइमझीरो यांची ॲपं आहेत, ओपनसीपीएन संगणकावर फुकट आहे आणि अँड्रॉइडवरही चालतं. ज्या पाण्यात जाणार त्याचे चार्ट कुणाकडे ताजे आणि चांगले आहेत यावरून ॲप निवडा, आणि ॲपवरून टॅबलेट. टॅबलेट आधी घेऊन मग हवं ते ॲप त्यावर चालतच नाही असं कळणं फार महाग पडतं. चार्ट डाउनलोड करून ठेवा आणि विमान मोडमध्ये मार्गाच्या दोन्ही टोकांना झूम करून ते खरंच उतरले आहेत का ते बघा. दूरून किनारा दिसतो म्हणून चार्ट उतरला असं समजू नका, आत झूम केल्यावर कोरा चौकोन दिसणं हा नेहमीचा अनुभव आहे.

अक्षांश-रेखांश कसे लिहिले आहेत तेही ॲपच्या सेटिंगमध्ये बघा. समुद्रावर अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, जमिनीवरच्या बऱ्याच ॲपमध्ये अंश-मिनिटं-सेकंद असतात. कुणी रेडिओवर '१५.३० मिनिटं' सांगितली आणि तुम्ही १५ मिनिटं ३० सेकंद टाकली, तर ती १५.५० मिनिटं होतात. अक्षांशात हा फरक ०.२ मिनिटांचा, म्हणजे ३७० मीटरचा. मदत मागणाऱ्या बोटीला शोधताना किंवा खडकांमधल्या वाटेत तेवढा फरक पुरे.

पडद्याकडे येऊ. दुकानात सगळे पडदे लख्ख दिसतात. उन्हात साधारण ५०० निटचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा सावली केल्याशिवाय वाचता येत नाही. बोटीसाठी मुद्दाम बनवलेल्या, चार्ट दाखवणाऱ्या प्लॉटरचा पडदा १००० निटच्या वर असतो, तो उगाच नाही. टॅबलेट घेताना जास्त प्रकाशाचा आणि कमी चमकणारा पडदा बघा, आणि पोलरॉइड गॉगल लावून तो उभा-आडवा फिरवून पाहा. काही पडदे एका दिशेला गॉगलमधून पूर्ण काळे दिसतात. स्टँड लावल्यावर हे कळलं तर सगळी मांडणी बदलावी लागते.

उन्हाचा याहून मोठा त्रास उष्णतेचा आहे. आयपॅडसाठी ॲपलने दिलेली वापराची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. थेट उन्हात, पडदा पूर्ण उजळ, चार्जिंग चालू आणि वर जलरोधक कव्हर, म्हणजे चारही बाजूंनी ताप. आधी पडदा आपोआप मंद होतो, मग चार्जिंग थांबतं आणि शेवटी तापमानाची सूचना येऊन टॅबलेट काम बंद करतो. हे घडतं ते नेमकं भर दुपारी, बंदरात शिरताना. त्यामुळे त्याची जागा छपराखाली किंवा स्प्रेहूडच्या (शिंतोडे अडवणाऱ्या कापडी आडोशाच्या) सावलीत हवी, पाठीमागून वारा खेळता हवा. पाठ पूर्ण झाकणारं जाड रबरी कव्हर मला उष्ण हवेत आवडत नाही.

पाण्याचा विचार करताना आयपी क्रमांक बघा, उपकरण पाण्यात कितपत टिकतं ते त्यावरून कळतं. आयपी-६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आयपी-६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. आयपॅडला असा कुठलाच क्रमांक नाही, त्याला कव्हर लागतंच. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेसारखे दणकट टॅबलेट आयपी-६८ चे असतात, त्यांची बॅटरी काढता येते आणि सोबत पेनही येतं. ही परीक्षा गोड्या पाण्यातली असते, हे ध्यानात ठेवा. खारं पाणी चार्जिंगच्या तोंडात शिरलं आणि तसंच चार्जर लावलं की वीज आणि मीठ मिळून धातूचे संपर्क खातात. माझा एक टॅबलेट असाच गेला: तोंडात हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं, केबल तिरकी धरली तरच चार्जिंग व्हायचं, आणि महिनाभरात तेही बंद. तेव्हापासून शिंतोडे उडाले की गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसणं, पूर्ण वाळू देणं आणि मगच केबल लावणं, हा क्रम मी मोडत नाही.

पाणी आत गेलं नाही तरी पडद्यावर थेंब असतातच, आणि टचस्क्रीनला थेंब बोटासारखाच वाटतो. पावसात चार्ट आपोआप सरकतो, झूम बदलतो, कधी भलताच वेपॉइंट (मार्गावरची खूण) उमटतो. घ्यायच्या आधी बाटलीतलं पाणी शिंपडून बघण्याची मुभा कुणी देत नाही, पण ओला पडदा आणि ओली बोटं असताना पेनने चालतो का, ॲपमध्ये पडदा कुलूपबंद करता येतो का, हे विचारता येतं. भरपूर शिंतोडे उडणाऱ्या उघड्या बोटीवर मी टॅबलेटच्या भरवशावर राहणार नाही. तिथे बटणांचा छोटा प्लॉटर हवा.

आकाराचं उत्तर बोटीवर अवलंबून आहे. कॉकपिट लहान असेल तर आठ इंची घ्या. तो एका हातात मावतो, कमी तापतो, आणि स्टँडवर लाटेच्या हिसक्याला कमी डुलतो. दहा-अकरा इंची टॅबलेट केबिनमधल्या टेबलावर मार्ग आखायला सुख देतो. दोन्ही कामं एकाच टॅबलेटकडून हवी असतील तरी मी आठ इंचीच घेईन.

विजेचा हिशेब आधी करा. जीपीएस चालू आणि पडदा पूर्ण उजळ असेल तर जाहिरातीतले दहा तास विसरा. बोटीच्या १२ व्होल्टवर २० ते ३० वॅटचा पीडी (यूएसबी-सीवरचा जलद) चार्जर बसवा. जुने ५ किंवा १० वॅटचे चार्जर लावले तर केबल जोडलेली असूनही टक्केवारी खाली येताना दिसते. चार्जर बसवल्यावर एक परीक्षा जरूर घ्या: बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा स्क्वेल्च (सिग्नल नसतानाची खरखर दाबणारं बटण) आवाज सुरू होण्याच्या काठावर आणा आणि चार्जर चालू-बंद करा. खरखर सुरू झाली तर तो चार्जर रेडिओचं ऐकणं बिघडवतो आहे, काढून टाका. चार्ट दिसावा म्हणून मदतीची हाक ऐकू न येणं परवडत नाही.

स्टँडची जागा ठरवताना होकायंत्राकडे बघा. टॅबलेटच्या स्पीकरमध्ये आणि कव्हरमध्ये चुंबकं असतात. बोट बांधलेली असताना टॅबलेट त्या जागी ठेवा, काढा, पुन्हा ठेवा, आणि होकायंत्राची तबकडी हलते का ते बघा. हलली तर जागा बदला; शक्य असेल तर मीटरभर अंतर ठेवा.

टॅबलेट दाखवतो ती बोटीची दिशाही समजून घ्या. जीपीएसला कळते ती बोट सरकते आहे ती दिशा, तिचं नाक कुठे आहे ते नव्हे. नांगरावर उभे असताना बाण भिरभिरतो, कारण सरकणंच जवळजवळ शून्य असतं. आडव्या प्रवाहात नाक एकीकडे आणि बाण दुसरीकडे असतो, आणि तेव्हा बाणच खरं सांगत असतो की बोट कुठे चालली आहे. नांगराचा अलार्म, म्हणजे बोट ठरावीक वर्तुळाबाहेर गेली की वाजणारी घंटा, लावतानाही वर्तुळाचं केंद्र नांगर पडला त्या जागी हवं. साखळी सोडून झाल्यावर बोटीच्या जागी लावलं, तर वारा फिरताच मध्यरात्री खोटी घंटा वाजते.

वाय-फायवाला टॅबलेट आधीच घेऊन झाला असेल तर तो टाकून देऊ नका. ब्लूटूथचा बाहेरचा रिसीव्हर मिळतो, उदाहरणार्थ गार्मिनचा ग्लो २, किंवा बोटीवरच्या एआयएसमधून (आपली जागा आसपासच्या जहाजांना कळवणारं यंत्र) वाय-फायवर जागेची माहिती ॲपला देता येते. यात एक फायदाही आहे: रिसीव्हर उघड्या आकाशाखाली आणि टॅबलेट आत सावलीत. तोटा असा की चार्ज करायची आणि बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू वाढली. आयपॅडला जोडायचा असेल तर रिसीव्हर त्याच्याशी जुळणारा आहे का ते आधी बघा, सगळे जुळत नाहीत.

सेटिंगमध्ये ॲपला 'नेमकी जागा' वापरायची परवानगी द्या. नव्या प्रणालींत ढोबळ जागा देण्याचाही पर्याय असतो आणि चुकून तो निवडला जातो. बॅटरी बचत मोड, आपोआप होणारे अपडेट आणि पडदा आपोआप बंद होणं, तिन्ही बंद ठेवा. रात्रीसाठी ॲपचा लाल किंवा अंधारा पडदा निघण्याआधी एकदा लावून बघा.

जीपीएस स्वतःच चुकू शकतं हेही धरून चाला. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा सिग्नल इतका क्षीण असतो की तो दाबणं किंवा त्याची नक्कल करणं अवघड नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोवोरोसिस्कजवळच्या अनेक जहाजांना आपण जमिनीवर, गेलेंजिकच्या विमानतळावर असल्याचं दिसत होतं. मोठ्या जहाजांवर मान्यताप्राप्त ईसीडीआयएस (इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणारी यंत्रणा) असते, टॅबलेट तिची जागा घेत नाही. तुमच्या बोटीवर फोनमध्ये तेच ॲप आणि तेच चार्ट ठेवा, तो कोरड्या पिशवीत असू द्या. कागदी चार्ट आणि हातातलं होकायंत्र ठेवा, आणि दर तासाला वेळ, अक्षांश, रेखांश, दिशा आणि वेग वहीत लिहा. टॅबलेट काळा झाला तर शेवटच्या नोंदीपासून पुढे मोजत येता येतं. ती वही नसेल तर मोजायला सुरुवात करायची जागाच नसते.

नवा टॅबलेट घेतल्यावर पहिली फेरी दिवसा, ओळखीच्या पाण्यात करा. धक्क्याचा कोपरा, भिंतीच्या टोकावरचा दिवा, खडकावर पक्का बसवलेला खांब अशा जागांजवळून जा आणि पडद्यावरचं अंतर डोळ्यांनी ताडून पाहा. बोया यासाठी धरू नका, तो साखळीवर प्रवाहाबरोबर फिरत असतो. पक्की खूण डाव्या हाताला तीस मीटरवर दिसते आहे आणि पडद्यावर तुम्ही तिच्या उजवीकडे तेवढ्याच अंतरावर आहात, असं चार-पाच ठिकाणी जमलं की त्या भागापुरता चार्ट आणि टॅबलेट जुळतात. कुठे नाही जमलं, तर ती जागा आणि फरक कागदी चार्टवर पेन्सिलीने लिहून ठेवा.